मनकवड्या यंत्राची पदरमोड

काचेचा एक पोकळ शंकू. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर, तिळाहूनही लहान. आत सोन्याच्या अतिशय बारीक तारा, तारांवर टेफ्लॉनचं आवरण आणि भोवती चेतातंतूंच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं. मेंदूच्या वरच्या थरात हा शंकू बसवला की आसपासच्या पेशी काही आठवड्यांत आपले तंतू त्याच्या तोंडातून आत घालतात आणि तिथेच मूळ धरतात. मग त्या पेशींची विजेची कुजबुज तारांना ऐकू येऊ लागते, आणि वर्षानुवर्षं येत राहते.

हा शंकू फिलिप केनेडी यांचा. मूळचे आयर्लंडमधल्या लिमरिकचे, डब्लिनला वैद्यकी शिकलेले, नंतर अमेरिकेत जाऊन अ‍ॅटलांटाच्या परिसरात स्थिरावलेले. 1989 मध्ये त्यांनी या शंकूवरचा शोधनिबंध छापला. मेंदू हा मऊ, कवटीत सतत हलणारा अवयव. त्यात टोकदार तार खुपसली की ती सरकते, शिवाय भोवती व्रण धरतो आणि हळूहळू तिला ऐकू येईनासं होतं. केनेडी यांनी तार पेशीपाशी नेण्याचा नाद सोडला आणि पेशीलाच तारेकडे बोलावलं. ही अडचण किती चिवट आहे ते 2024 मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. जानेवारीत इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंकने पहिल्या माणसाच्या मेंदूत आपलं यंत्र बसवलं आणि काही आठवड्यांतच त्याच्या बहुतेक तारा जागेवरून सरकल्या. कंपनीजवळ पैसा होता, अभियंते होते. त्यांनी उरलेल्या तारांवर भागेल असा गणिताचा मेळ बसवला आणि काम पुढे चालू ठेवलं.

केनेडी यांच्याजवळ पैसा नव्हता. तो का नव्हता, हे सांगायचं तर मेंदू वाचण्याच्या शंभर वर्षांच्या धडपडीचा जमाखर्च मांडावा लागतो. या पुस्तकात तो मांडायचा प्रयत्न केला आहे. विज्ञानाच्या इतिहासात आपण शोध कुणी लावला आणि कधी लावला ते पाठ करतो. बिल कुणी भरलं ही चौकशी जरा हलकी समजली जाते. या विषयात मात्र बिल भरणाऱ्याकडे पाहिल्यावाचून काहीच नीट उलगडत नाही. यंत्र काय वाचेल आणि कुणाचं वाचेल, हे बरंचसं त्यानेच ठरवलं आहे.

सुरुवात जर्मनीतल्या येना गावापासून केली आहे. हान्स बर्गर तरुणपणी घोडदळात होते. एकदा कवायतीत घोडा उधळला, बर्गर खाली पडले आणि तोफगाडीच्या चाकाखाली सापडता सापडता वाचले. त्याच दिवशी दूर गावी त्यांच्या बहिणीला भावाचं काही बरंवाईट झाल्याचं एकाएकी जाणवलं, आणि तिच्या आग्रहाने वडिलांनी तार केली. योगायोग म्हणून दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. बर्गर यांनी ते आयुष्यभर मनात धरलं. मनातली गोष्ट डोक्याबाहेर जात असेल तर डोक्यात काही ऊर्जा असली पाहिजे आणि ती मोजता आली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. ते मनोविकारतज्ज्ञ झाले, येनाच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि दिवसभराचं काम उरकल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून बसू लागले.

1924 च्या जुलैत कवटीवर शस्त्रक्रिया झालेल्या सतरा वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावर त्यांनी गॅल्व्हानोमीटर जोडला आणि मेंदूतल्या विजेची रेघ थरथरताना पाहिली. ती छापायला मात्र त्यांनी 1929 पर्यंत धीर धरला. मधल्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर तारा लावून पुनःपुन्हा खात्री करून घेतली. रेघ रुग्णाच्या नाडीची तर नाही, स्नायूंची तर नाही, अशा शंकांनी त्यांना पछाडलं होतं. छापल्यावरही फार कुणी लक्ष दिलं नाही. 1934 मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तो प्रयोग करून दाखवला, तेव्हा जग जागं झालं.

बर्गर यांना जे सापडलं त्यात विचार नव्हताच. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा लाटा उठतात आणि डोळे उघडले किंवा त्याला एखादं गणित घातलं की त्या ओसरतात, इतकंच. इतकंच म्हणायचं, पण अपस्माराचं निदान, झोपेचा अभ्यास, शस्त्रक्रियेतली देखरेख हे सगळं त्या रेघेवर उभं आहे. मला या कथेत मोह पडतो तो एका साध्या गोष्टीचा: बर्गर यांचं पोट रुग्णालयाच्या पगारावर चालत होतं. आजच्यासारखा अर्ज भरून पैसा मागावा लागला असता तर ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’च्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं असतं? बहिणीची तार? या माणसाची दुसरी बाजूही आहे. नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निर्णय देणाऱ्या आनुवंशिक आरोग्याच्या न्यायालयात ते बसत होते. त्यांच्यावरच्या प्रकरणात ते लपवलेलं नाही.

यानंतरची काही दशकं मी भराभर ओलांडली आहेत. 1969 मध्ये सिअ‍ॅटलला एबरहार्ड फेट्झ यांनी माकडाला आपल्या मेंदूतली एकच पेशी हवी तशी चेतवायला शिकवलं. 1973 मध्ये लॉस एंजेलिसचे जाक विदाल यांनी मेंदू आणि संगणक थेट जोडण्याची कल्पना कागदावर मांडली. दोन्ही कामं मोठी, पण त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मी जास्त रेंगाळलो आहे ते 1988 सालापाशी. इलिनॉय विद्यापीठात लॉरेन्स फार्वेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन यांनी एक साधी करामत केली. पडद्यावर सहा ओळी, सहा रकाने, त्यांत अक्षरं. ओळी आणि रकाने आलटून पालटून उजळतात. ज्या अक्षराची तुम्ही वाट पाहताय ते उजळलं की सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठळक लाट उठते. संगणक ती ओळखतो आणि अक्षर टिपतो. मिनिटाला दोन-अडीच अक्षरं. धडधाकट माणसाला चीड येईल असा वेग, पण पापणीपलीकडे काहीच हलत नसलेल्या माणसाला कवटीला भोक न पाडता मिळालेली ही वाचा होती.

पुढे फार्वेल यांनी तीच लाट दुसरीकडे वळवली. अक्षरांच्या जागी गुन्ह्याचा तपशील दाखवायचा. संशयिताला तो ओळखीचा असेल तर लाट उठेल, त्याने तोंड कितीही मिटलेलं असो. ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’ या नावाने हे तंत्र गाजलं आणि सीआयएने त्यावर दहा लाख डॉलरहून अधिक खर्च केला. 2001 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने तपास यंत्रणांना विचारलं, तेव्हा हे तंत्र आपल्या फारसं उपयोगाचं नाही असंच त्यांनी सांगितलं. तरी पैसा आधी आला होता हे विसरून चालणार नाही. लाट तीच, डोक्यावरच्या चकत्या त्याच. न बोलू शकणाऱ्याला बोलतं करण्यापेक्षा न बोलणाऱ्याकडून काढून घेण्याला गिऱ्हाईक लवकर मिळालं.

हे लांबचं वाटत असेल तर पुण्याकडे या. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावली, आणि पुराव्यांत एका मेंदू-चाचणीचा आधार घेतला. प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये काम केलेले मेंदू-मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी ही चाचणी विकसित केली होती. आरोपी तरुणीच्या डोक्यावर बत्तीस विद्युतअग्रं बसवली, ती डोळे मिटून गप्प बसली आणि तपासातली वाक्यं तिला प्रथमपुरुषात ऐकवली गेली: मी अमुक आणलं, मी तमुक केलं. नुसती ऐकीव माहिती आणि स्वतः अनुभवलेली गोष्ट यांतला फरक यंत्राला कळतो, असा दावा होता. तिने एका शब्दाचंही उत्तर द्यायचं नव्हतं. उत्तर यंत्राने दिलं.

निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच वर्षी अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार पुरेसा नसल्याचं मत दिलं. मे 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदू-चाचणी सक्तीने करायला मनाई केली. संमतीची वाट तेवढी मोकळी राहिली. कोठडीतल्या माणसाची संमती हा प्रकार काय असतो, ते वाचकाला मी वेगळं सांगायला नको. याच्या शेजारी 2023 चा टेक्सस विद्यापीठातला प्रयोग ठेवून बघावा. तिथे माणसाला एमआरआय यंत्रात तब्बल सोळा तास गोष्टी ऐकवल्या, तेव्हा कुठे त्याच्या मनातल्या मजकुराचा ढोबळ गोषवारा संगणकाला काढता आला. त्यातही माणसाने मनातल्या मनात आकडे मोजायला किंवा प्राण्यांची नावं घ्यायला सुरुवात केली की सगळं फिसकटायचं. एवढी सामग्री हाताशी असताना 2023 मध्ये जे जमलं नाही, ते 2008 मध्ये बत्तीस अग्रांना जमलं असं एका न्यायालयाने मानलं होतं.

आता केनेडी. पुस्तकाचा निम्मा भाग त्यांचा आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही.

1996 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांना माणसात शंकू बसवायला परवानगी दिली. पहिली रुग्ण स्नायू झिजवणाऱ्या असाध्य आजाराने अखेरच्या टप्प्यात पोचलेली होती, ती थोड्याच आठवड्यांत गेली. 1998 मधला दुसरा रुग्ण व्हिएतनाम युद्धात लढलेला, घरांच्या भिंती बांधून देणारा ठेकेदार. मेंदूच्या मुळाशी पक्षाघात झाला आणि सगळं शरीर निकामी झालं. त्याने शंकूच्या जोरावर पडद्यावरचा बाण हलवला आणि अक्षरं निवडली. सुरुवातीला तो आपला हात हलवल्याची कल्पना करायचा. सराव झाल्यावर तुला काय वाटतं असं विचारलं, तर त्याने टंकलेलं उत्तर होतं: काहीच नाही. हाताचा विचार मधून गळून गेला होता, बाण थेट त्याचा झाला होता.

2004 मध्ये तिसरा मोठा टप्पा आला. सोळाव्या वर्षी मोटार अपघातात सापडलेला, डोळे वर-खाली करून हो-नाही सांगणारा एक तरुण. केनेडी यांनी या वेळी शंकू वाणीच्या भागात बसवला. अक्षर टिपण्याचा खटाटोप नको, सरळ आवाजच काढायचा. बोस्टन विद्यापीठाच्या फ्रँक गुंथर यांनी जोडलेल्या यंत्रणेतून तो तरुण स्वर उच्चारू लागला. 2009 मध्ये छापलेल्या निबंधात यशाचं सरासरी प्रमाण 45 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेल्याचं नोंदवलं आहे. अ, इ, उ. बाराखडीचा पहिला रकाना, पण विचारातून थेट निघालेला.

इथेच गाडी रुतली. शंकूतल्या वाढद्रव्यांच्या सुरक्षिततेचे पुरावे प्रशासनाने मागितले, ते पुरेसे देता आले नाहीत आणि नव्या रुग्णांची परवानगी गेली. पुरावे गोळा करायला पैसा हवा, पैसा यायला रुग्ण हवेत, रुग्णांना परवानगी हवी, परवानगीला पुरावे. सरकारी अनुदान आटत गेलं. प्रशासनाला दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. माणसाच्या मेंदूत वाढद्रव्य घालणाऱ्याकडे कागद मागायलाच हवेत. खरी गोम बाजारात होती. असे रुग्ण थोडे, विखुरलेले, बहुतेक कफल्लक, आणि प्रत्येकावरची शस्त्रक्रिया म्हणजे नवा संशोधन प्रकल्प. मराठी वाचकाला इथे दादासाहेब फाळके आठवतील. त्यांनी विमा गहाण टाकला, सरस्वतीबाईंचे दागिने मोडले. पण फाळक्यांच्या पुढ्यात तिकीट काढून आत येणारा प्रेक्षक होता. केनेडी यांचं गिऱ्हाईक खाटेवर पडून होतं आणि त्याला हाक मारता येत नव्हती.

तेव्हा केनेडी यांनी पदरमोड केली, आणि नुसती पैशाची केली नाही. त्यांच्यापुढे एक शास्त्रीय पेचही होता. आपल्याच शरीरात बंदिस्त झालेला रुग्ण मनात नेमकं केव्हा काय उच्चारतो ते कळायला मार्ग नसतो, म्हणून पेशींची नोंद आणि ध्वनी यांची जोडी लावता येत नाही. बोलता येणारा माणूस हवा. तो आधी मोठ्याने बोलेल, मग तेच मनात म्हणेल, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवता येतील. पण धडधाकट माणसाची कवटी उघडायला कोण परवानगी देईल? जून 2014 मध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी, केनेडी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात गेले आणि हजारो डॉलर स्वतःचे घालून आपल्याच वाणीकेंद्रात शंकू बसवून घेतले. शस्त्रक्रिया अकरा तासांहून अधिक चालली. शुद्धीवर आले तेव्हा वाचा गेली होती. मेंदूला सूज आली होती.

वाचा हळूहळू परतली. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा बेलीझला जाऊन बाकीची यंत्रणा बसवून आले, आणि मग जॉर्जियातल्या डुलुथ गावच्या आपल्या प्रयोगशाळेत एकटेच बसून ध्वनी उच्चारत राहिले: आधी मोठ्याने, मग मनात. डोक्यावरची जखम नीट भरेना. जानेवारी 2015 मध्ये यंत्रणा काढावी लागली. शंकू काढणं धोक्याचं होतं, ते आतच राहिले. त्या वर्षी शिकागोच्या मेंदूशास्त्र परिषदेत त्यांनी आपल्याच मेंदूच्या नोंदी मांडल्या.

त्यांच्याबद्दल दोन टोकांची मतं वाचायला मिळतात, वेडा आणि हुतात्मा. मला दोन्ही उथळ वाटतात. हा माणूस थंड डोक्याने हिशेब करत होता, तो हिशेब आपल्याला मान्य नसेल. 2012 मध्ये त्यांनी ‘2051’ नावाची विज्ञान कादंबरी स्वतःच छापली होती, हेही सांगून ठेवतो. पैसा मागत फिरणाऱ्या शास्त्रज्ञाला शेवटी भविष्य विकावंच लागतं. यांनी निदान ते कादंबरी म्हणून विकलं.

बाकीच्यांनी तेच भविष्य शेअरबाजारात विकलं. ब्राउन विद्यापीठातून निघालेली सायबरकायनेटिक्स ही कंपनी शंभर सुयांची चौकोनी चकती घेऊन उतरली. 2004 मध्ये मानेखाली लुळा पडलेला एक तरुण तिच्या साहाय्याने पडद्यावरचा बाण हलवू लागला, आणि 2006 मध्ये ‘नेचर’ने ते मुखपृष्ठावर घेतलं. थोड्याच वर्षांत कंपनीचे पैसे संपले. प्रयोग वाचला तो विद्यापीठांनी आणि सरकारी अनुदानाने उचलून धरला म्हणून. फेसबुकने 2017 मध्ये कवटी न उघडता मनातून मिनिटाला शंभर शब्द टंकण्याची घोषणा केली आणि 2021 मध्ये तो बेत सोडून दिला. पण त्याच पैशातला काही भाग सॅन फ्रान्सिस्कोच्या एडवर्ड चँग यांच्या प्रयोगशाळेत गेला होता, तो सत्कारणी लागला. 2023 मध्ये चँग यांच्या गटाने मिनिटाला 78 शब्द आणि स्टॅनफर्डच्या गटाने 62 शब्दांचा वेग नोंदवला. साधं संभाषण मिनिटाला दीडशे-एकशेसाठ शब्दांनी चालतं. म्हणजे गप्पांचा फड अजून दूर आहे, पण केनेडी यांच्या अ-इ-उच्या मानाने ही घोडदौडच.

हा वेग एकेका रुग्णामागे वर्षानुवर्षं बसलेल्या माणसांनी मिळवला आहे, आणि त्यांचे पगार बहुतांशी करदात्यांनी दिले आहेत. 2013 मध्ये ओबामा यांनी जाहीर केलेल्या मेंदू संशोधन योजनेची सुरुवातच दहा कोटी डॉलरची होती. खासगी भांडवल आलं ते वाट मळल्यावर. यात पाप काही नाही. मात्र वाट आपणच काढली असा त्याचा आव असतो, तो उतरवण्यापुरतं हे पुस्तक उपयोगी पडावं.

शेवटच्या प्रकरणात यंत्र बसवल्यानंतरचा खर्च आहे. मेलबर्नमध्ये न्यूरोव्हिस्टा कंपनीने अपस्माराच्या पंधरा रुग्णांच्या डोक्यात झटक्याची आगाऊ सूचना देणारं यंत्र बसवलं होतं. अनेकांना त्याचा उपयोग झाला. कंपनीचा पैसा संपला आणि यंत्रं काढायची वेळ आली. एका बाईंनी ते ठेवून घेण्यासाठी जमेल ते करून पाहिलं, उपयोग झाला नाही. दृष्टिहीनांच्या डोळ्यांत अग्रं बसवणारी सेकंड साइट ही कंपनी 2020 च्या सुमारास डबघाईला आली, तेव्हा तिची यंत्रं जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत होती आणि दुरुस्तीला कुणी नव्हतं. असं यंत्र मोडलं तर कुणी नीट करायचं, हे बसवताना लिहून घेण्याची रीत अजून पडलेली नाही. चिलीने 2021 मध्ये मेंदूतल्या माहितीला राज्यघटनेत संरक्षण दिलं. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूच्या नोंदी पुसून टाकायचा आदेश कंपनीला दिला. नोंदींचं रक्षण करणारा तो कायदा दुरुस्तीच्या बिलाबद्दल काही बोलत नाही.

प्रकरणं कालक्रमाने लावली असली तरी त्याच क्रमाने वाचायला हवीत असं नाही. विजेची आणि लाटांची माहिती बर्गर यांच्या प्रकरणात जरा दाटली आहे. ती जड वाटली तर पुण्याच्या खटल्यापासून सुरुवात करावी आणि अडेल तिथे मागे यावं.